फळीखालचा डबा

१२ नोव्हेंबर

स्वतःच्या हातांनी केलेलं: बोटींचे पितळी पंखे, शाफ्ट, सुकाणं, बर्फ फोडायचं यंत्र, ह्या वर्कशॉपचे दरवाजे — बिजागऱ्यांसकट. कॉलेजची पायरी न चढता! साताऱ्याहून बोईसरच्या कारखान्यात हमाल म्हणून आलो, लेथ बघून बघून शिकलो. आज चिंचणीत माझ्या शब्दावर बोटी पाण्यात उतरतात.

आणि परवाची ती नळी. तीही ह्याच हातांनी.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो.

पालघरहून दीपिका मॅडम आल्या होत्या, डिझेल कसं वाचवायचं ते तांडेल-खलाशांना सांगायला. म्हणणं एवढंच — इंजिनाची रेस थोडी कमी ठेवा, वेळ जरा जास्त लागेल, डिझेल बरंच वाचेल. आणि पंखा जड असेल तर बदला. जड पंखा म्हणजे माझा! सगळ्यांच्या देखत!

चाचणी दादू तांडेलच्या बोटीवर ठरली. पल्ला तोच, पहिल्या दिवशी फुल रेस, दुसऱ्या दिवशी कमी. टाकी खुणेपर्यंत भरून निघायचं, आल्यावर पुन्हा भरताना किती मावतं ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी, इंजिनातून उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी मी काढली आणि फळीखालच्या डब्यात सोडली. वाचलेलं डिझेल डब्यात साठलं, आणि दोन्ही दिवसांचा खर्च जवळजवळ सारखा निघाला.

दादू मोठ्यानं हसला, "मॅडम, हलू गेली तरी बोटीचा पोट तेवढाच हाय!" सगळा किनारा हसला. बाई आकडे पुन्हा पुन्हा तपासत राहिल्या. मग मलाच विचारलं, "मिस्त्री, माझं कुठे चुकलं हो?"

म्हटलं, "पुस्तकात समुद्र नसतो, मॅडम."

डबा आता माझ्या बाकाखाली आहे. झाकण घट्ट आहे. दोनदा पाहिलं.

१५ नोव्हेंबर

बोईसरहून अंकुशशेठ आले, ओतकामवाले. "सगळ्यांना आता तुमचाच पंखा पाहिजे. लाकडी साचा मला विका, मी ओततो. वर नाव तुमचंच!" विचार करतो म्हटलं. खरं तर आनंद झाला. लाज वाटते, पण झाला.

१९ नोव्हेंबर

दादूची बोट आली नाही.

२० नोव्हेंबर

आली. दुसऱ्या बोटीनं ओढत आणली. येताना समोरून वारा, वाटेतच डिझेल संपलं, रात्रभर वाहत राहिले. माणसं धड आहेत. बर्फ वितळून मासळी नासली.

दादूचा घसा बसलाय. म्हणाला, "येताना मी रेस कमीच ठेवायचो, बाबाची सवय. तुजी चाचणी बघितली नि म्हटलं, कशाला? दाबली फुल."

तुजी चाचणी म्हणाला. बाईंची नाही.

दादूची बायको, हंसावहिनी, चहा घेऊन आल्या — मला! "मिस्त्री, तुमी हायत म्हणून इंजिन तरी धड हाय." चहा घेतला. संपवलासुद्धा.

२१ नोव्हेंबर

अंकुशशेठला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, तेच साचा नको म्हणतील. हसले! "डबा कुणाच्या तरी टाकीत ओता, विषय संपला. साचा कधी देताय?"

२३ नोव्हेंबर

डबा दादूच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

"ह्यात काय हाय?"

"तुझं डिझेल."

शेवटपर्यंत सांगितलं, नळी कुठून काढली तेही. हंसावहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "नि मी तुला च्या पाजला."

मग दादूनं मॅडमना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

२४ नोव्हेंबर

मॅडम सोमवारी येतात, पुन्हा चाचणी. नळ्या बघायला दादूनं दुसरा मिस्त्री बोलावलाय.

अंकुशशेठना साचा देत नाही म्हणून कळवलं. पावणेदोन लाख देणार होते.