एकच दार मोकळं

मेक्सिको शहर,
संत मिगेलचा सण

प्रिय बाबा,

तुमच्या एर्मेलिंदाचा नमस्कार. मी मजेत आहे, खोकलाही गेला.

तुम्ही बसने पाठवलेली पेरिकोनची फुलं पोचली. अख्ख्या जिन्याला आपल्या बांधाचा वास लागला! काल दुपारी फुलांचे क्रूस बांधले आणि पाचही मजल्यांवर दारोदार लावून आले. कुणाला विचारलं नाही. सणाच्या आदल्या रात्री सैतान मोकाट सुटतो, तो तरी विचारून येतो का?

संध्याकाळी घरमालकीण दोन्या एदुविखेस कडाडली, "माझ्या दारावर हे गवत कुणी लावलं? हे शहर आहे, तुझं शेत नाही!" आणि क्रूस उपटून माझ्या हातात दिला. मी तो उशाशी जपून ठेवला.  

रात्री झोपायच्या वेळी तीच माझ्या दारात. म्हणाली, "अगं, सगळ्या इमारतीत माझं एकटीचंच दार मोकळं राहिलंय. मग तो सैतान येणार कुणाकडे?"

क्रूस मी स्वतः लावून दिला. वर ठणकावून सांगितलं, "हे गवत माझ्या बाबांच्या शेतातलं आहे." आता खिडकीसाठीही हवाय म्हणते!

मक्याच्या शेताच्या चारही कोपऱ्यांना क्रूस लागले ना? ओढ्याकडे निसरडं आहे, तिथे तुम्ही स्वतः गेला नाहीत ना? फुलांचा भारा शेजारच्या सिल्वेरिओने बांधला होता. तुमची गाठ मी ओळखते, बाबा. गुडघा फार दुखतोय का?

डॉक्टरांकडे जा. पुढच्या वर्षी दुप्पट फुलं लागतील, आणि गाठ मला तुमचीच हवी.

तुमची,
एर्मेलिंदा