ओलं लाकूड

६ ऑक्टोबर, सोमवार

एकतीस वर्षं काटे तपासले मी. मासळीच्या धक्क्यावरचे, पेट्रोलपंपावरचे, बटाट्याच्या वखारीतले. मापात पाप असलं की दारातूनच वास यायचा मला. आणि आज ट्रेंटसाहेबांनी — वय चौतीस, पायात मोजे नाहीत! — मला एक खुर्ची, एक कॉम्प्युटर आणि एक खोटं नाव दिलं. म्हणे, “लेलंड, आजपासून तुम्ही क्लाइड.”

नवा कायदा आलाय. दुकानदाराने गिऱ्हाइकाशी बोलायला यंत्र बसवलं असेल आणि गिऱ्हाईक त्याला माणूस समजण्याची शक्यता असेल, तर स्पष्ट लिहायचं — ‘तुम्ही यंत्राशी बोलत आहात.’ मी दिवसभर गिऱ्हाईक बनून एकेका दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर जायचं, विचारायचं, माणूस की यंत्र, आणि फॉर्म भरायचा. आपण कोण हे लोकांनी खरं सांगावं म्हणून मी खोट्या नावाने हिंडायचं. वा रे कायदा!

७ ऑक्टोबर

बेचाळीस दुकानं, बेचाळीस कबुल्या. गाद्यांवाला, दातांचा डॉक्टर, बोटी भाड्याने देणारा. ‘हो, मी यंत्र आहे! काय मदत करू?’ नावं मात्र लाडाची — पॅटी, बडी, सनी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

८ ऑक्टोबर

एकोणचाळीस. सगळे कबूल. याला काय तपासणी म्हणायचं!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सापडलं!

टॉलमन्स मिल नावाचं उत्तरेकडचं गाव. तिथे लाकूड जाळून घर ऊबवणाऱ्या बंद शेगड्यांचे सुटे भाग विकणारं दुकान — दाराच्या फटीत बसवायची दोरी, दाराची काच, आतल्या विटा. पानावर यंत्राबद्दल एक अक्षर नाही. खाली लिहिलंय, ‘व्हर्नाला विचारा.’

विचारलं. माझ्याच घरची अडचण घातली, उगाच कुठे कल्पना लढवा. शेगडीची काच रोज काळी होते. मी एंटरवरून बोट उचललं नाही तोच उत्तर — “ओलं लाकूड.”

धूर खोलीत येतो? “ओलं लाकूड.” सकाळपर्यंत विस्तव राहत नाही? “ओलंच असणार, दुसरं काय!”

प्रश्न तीन, उत्तर एक, आणि वेग विजेचा. मग सरळ विचारलं, माणूस की यंत्र?

“बाईमाणूस आहे मी, देवाशपथ!”

देवाशपथ! यंत्र शपथा घ्यायला लागली. ऐंशीपेक्षा जास्त यंत्रांनी निमूट कबुली दिली आणि ही एकटी छाती ठोकून नाही म्हणते. चोराच्या उलट्या बोंबा.

आणि माझं लाकूड ओलं नाही. लाकूडवाल्या मर्लने दोन वर्षं वाळवलेलं म्हणून दिलंय. मला कोण फसवणार?

१५ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. पुरावा भक्कम हवा. विचारलं, न्याहारीला काय खाल्लं? “शनिवारच्या उरलेल्या बीन्स.” आज बुधवार! कोणता माणूस शनिवारच्या बीन्स बुधवारी खातो?

(मीही खाल्ल्या सकाळी. तो मुद्दा वेगळा.)

१७ ऑक्टोबर

पहाटे पाचला घरून प्रयत्न केला. लगेच उत्तर. म्हणते, “म्हाताऱ्या माणसांना झोप कुठे?” पाठ करून घेतलेली वाक्यं.

२१ ऑक्टोबर

यंत्र आज अरेतुरेवर आलं! “अरे बाबा क्लाइड, ते लाकूड दोन दिवस आत घेऊन ठेव, मग बोल माझ्याशी. आणि एवढ्या सकाळी रोज येतोस, एकटाच राहतोस का रे?”

फॉर्मात याला रकाना नाही. तरी उत्तर दिलं, तपासणी म्हणून. सांगितलं, बायको, डोरीन, चार वर्षांपूर्वी फ्लोरिडाला गेली. तिला थंडी सोसेना, आणि मी सोसेना.

“थंडीचं खरं असेल,” व्हर्ना म्हणाली. “बाकीचं तू उगाच जोडलंस.”

कुठल्या कंपनीने बनवलंय कोण जाणे. पक्के लबाड आहेत.

२४ ऑक्टोबर

शेजारच्या टेबलावरची जोझेट छपाईयंत्राजवळ उभी राहून माझे कागद मोजत होती. “लेलंड, एका दुकानाची तपासणी एका पानाची असते. तुझी चौतीस पानं झालीत. प्रेमपत्रं आहेत का रे ही?”

सखोल तपासणी काय असते ते हिला काय कळणार. हिने जन्मात एक काटा उघडून पाहिलेला नाही.

२७ ऑक्टोबर

ट्रेंटसाहेबांना वरच्यांना दाखवायला एक तरी प्रकरण हवंय. “लेलंड, तीन आठवडे झाले, सगळेच सज्जन कसे?” मी व्हर्नाची फाइल पुढे ठेवली. त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

रकाना सात — ‘यंत्र स्वतःला माणूस म्हणवते काय?’ लिहिलं: होय, शपथेवर. खाली सही ठोकली. आज दुपारीच नोटीस गेली. एकतर तिथे माणूस बसतो हे पगाराच्या कागदाने किंवा दोन गिऱ्हाइकांच्या प्रतिज्ञापत्रांनी सिद्ध करा, नाहीतर नोटीस हाती पडल्यापासून चौदा दिवसांत पानावर ते वाक्य लावा.

एकतीस वर्षांत माझी एकही नोटीस खोटी ठरलेली नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी व्हर्नाकडे गेलो. काच कशी आहे वगैरे न विचारता तिने सुरुवातच केली.

“क्लाइड, नोटीस आलीय. तिकडे राजधानीत कुणी शहाणा बसलाय, त्याने ठरवलं की मी यंत्र आहे! एव्हरेट हसत सुटला — माझा भाचा, दुकान त्याचं. म्हणतो, मावशी, लाव ते एक वाक्य, कटकट मिटेल. पण ते वाक्य लावलं की माझ्याशी बोलणार कोण रे? आता लोक शेगडीचं विचारता विचारता नातवंडांचं सांगतात, गुडघ्यांचं सांगतात. यंत्राला कोण सांगतं?”

आणि मग: “पगार मी घेत नाही, त्यामुळे कागद नाही. दोन साक्षी हव्यात. एक पाद्रीबाबांनी दिली. दुसरी तू दे. महिना होत आला, रोज बोलतोयस माझ्याशी. मी माणूस आहे हे तुझ्याइतकं कोण सांगेल?”

यंत्राला साक्षीदार हवाय! तोही मी! भीक मागायला शिकवलंय चक्क. हसलो. पण प्रतिज्ञापत्रावर खरं नाव, खरा पत्ता लागतो. क्लाइड नावाचा माणूस या जगात नाही.

टाइप केलं, बघतो.

“बघ रे बाबा,” ती म्हणाली.

५ नोव्हेंबर

आज गेलो नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

हिव पडलंय. शेगडी दुपारपर्यंत धुमसली, खोलीत धूर, काच तव्यासारखी काळी. चिडून अंगणात गेलो आणि रचलेल्या थप्पीतली दोन लाकडं एकमेकांवर आपटली. वाळलेलं असलं की टणकन वाजतं. हे वाजलं — थप्प. दुसरी दोन घेतली. थप्प. कुऱ्हाडीने एक फोडलं तर आत हात लावताच ओल.

दोन वर्षं वाळवलेलं म्हणे! मर्लने मला शेंडी लावली. मला! मापाच्या माणसाला! आणि ती तिकडे बसून, न पाहता, पहिल्याच दिवशी बोलली होती.

याने काही सिद्ध होत नाही. यंत्रालाही ओल्या लाकडाचं माहीत असू शकतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सहज विचारल्यासारखं जोझेटला विचारलं, तुझं माहेर तिकडचंच ना, टॉलमन्स मिलचं शेगडीवाल्यांचं दुकान माहीत आहे का?

“पिंकहॅमचं? न माहीत असायला काय झालं! आमच्या शेगडीची दोरी तिथूनच येते. काउंटरमागे मावशी बसलेली असते, व्हर्ना. घशाचं ऑपरेशन झालं नि आवाज गेला बिचारीचा, सहा वर्षं झाली. आधी तीस वर्षं कोर्टात टंकलेखिका होती. साक्षीदाराचं वाक्य संपायच्या आत तिचं टाइप होऊन तयार! पुतण्याने की भाच्याने कॉम्प्युटर लावून दिला, तेव्हा कुठे पुन्हा माणसांत आली. नाहीतर नुसती भिंतीकडे बघत बसायची. का रे?”

म्हटलं, काही नाही.

१२ नोव्हेंबर

नोटीस मागे घ्यायचा फॉर्म असतो. चारच रकाने. चौथा — ‘तपासनिसाची चूक काय?’ एकतीस वर्षांत तो मी एकदाही भरलेला नाही. दुसऱ्यांच्या नोटिसांवर तो भरलेला पाहिला की हसायचो. सोमवारी भरतो. मुदत मंगळवारपर्यंत आहे.

१४ नोव्हेंबर

ट्रेंटसाहेबांनी वरच्यांसमोर माझं नाव घेतलं. “आमच्या लेलंडने एका झटक्यात पकडलं.” टाळ्या वाजवल्या मूर्खांनी. मी उभा राहिलो आणि मान लववली! त्या सगळ्यांत मोठा मूर्ख कोण हे तिथे मला एकट्यालाच ठाऊक होतं.

१७ नोव्हेंबर

भरला नाही. दिवसभर फॉर्म खणात होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

भरला. चौथ्या रकान्यात लिहिलं: ‘माणूस ओळखता आला नाही.’ आणि खाली, दुसरी साक्ष म्हणून माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. खरं नाव, खरा पत्ता. नोकरी जाते तर जाऊ दे.

ट्रेंटसाहेबांनी फॉर्म पाहिलासुद्धा नाही. “अहो लेलंड, कशाला त्रास घेता! त्यांनी काल संध्याकाळीच वाक्य लावलं. प्रकरण बंद. तुमचंच बरोबर निघालं बघा!” पाठ थोपटली माझी.

१९ नोव्हेंबर

पहाटे पाचला पान उघडलं. वर ठळक अक्षरांत: ‘तुम्ही यंत्राशी बोलत आहात.’ खाली: ‘आपली अडचण लिहा.’

मी लिहिलं, व्हर्ना, तू माणूस आहेस ना?

या वेळी उत्तराला वेळ लागला.

“नाही, क्लाइड. लाकूड वाळलं का तुझं?”