पाणी तिचे, वजन माझे

मी, खाली सही करणारी, धंद्याने बाइंडर, आता घरी बसलेली, लग्न न केलेली, राहणार वडिलांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि परसू, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. पाय सुजले आहेत, छातीत दम राहिलेला नाही, पण डोके जागेवर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी मी जिवंत आहे तोवर येऊन खात्री करून घ्यावी, नंतर बोलू नये. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. तसे करू धजेल असे माणूस आमच्या घरात उरलेलेही नाही.

वकीलबाईंचे म्हणणे असे की मृत्युपत्र एका बैठकीत लिहावे. मी हे भर उन्हाळ्यात लिहायला घेतले आणि थंडीच्या तोंडावर पुरे करते आहे. मधल्या काळात काही गोष्टी बदलल्या. आधीचे फाडून नवे लिहिण्याइतकी ताकद नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे. दोन कलमांचे जुळत नसेल तर शेवटचे कलम खरे धरायचे, एवढे कायद्यात बसते असे त्यांनीच नाक मुरडत कबूल केले.

कलम १. घर. मागच्या दोन खोल्या आणि परसू माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. पुढचा भाग दादा गेल्यापासून तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या नावावर आहेच. भाचीने खोल्या भाड्याने द्याव्यात की कुलूप लावावे, तो तिचा प्रश्न. परसातले झाड मात्र तोडू नये. मधमाश्यांच्या पेट्या त्याच्याच सावलीत आहेत, आणि दुपारच्या उन्हात ती सावली नसेल तर आतले मेण मऊ होऊन पोळी चौकटीतून खाली येतात.

कलम २. बँकेतले पैसे. दवाखान्याचे देणे भागवून उरेल ते भाचीला. मला पोचवायला येणाऱ्यांसाठी रिक्षा करावी. मी जिथे नोकरी केली त्या प्रेसच्या मालकांनी भाषण करू नये.

कलम ३. हत्यारे. लोखंडी दाबयंत्र, कातर, आरी, हाडाची पट्टी आणि दोऱ्याची रिळे प्रेसमध्ये आता जी मुलगी पुस्तके शिवते तिला. जाड सुई तेवढी वेगळी काढावी आणि कव्हरांवर सोनेरी अक्षरे उठवणाऱ्या आमच्या जुन्या कारागिराला द्यावी. पुस्तक उघडले की पान सुटत नाही ते माझ्या शिवणीमुळे, पण येणारा जाणारा वाहवा करायचा ती त्याच्या अक्षरांची. नोकरीभर माझा त्याच्यावर जळफळाट झाला. आतल्या बाजूला काय असते, ते सुई हातात घेतल्यावर त्याला कळले तर कळेल.

कलम ४. पेट्या. हे कलम उन्हाळ्यात लिहिले आहे.

परसातल्या तिन्ही मधपेट्या, धुराचा डबा आणि जाळीची टोपी गावाबाहेरच्या रोपवाटिकावाल्याला द्यावी. त्याला मधमाश्यांतले ओ की ठो कळत नाही. शिकेल. पेट्या कोणालाही जावोत, वहिनीला जाऊ नयेत, एवढाच या कलमाचा हेतू आहे. पक्का बंदोबस्त म्हणून मी तिला या मृत्युपत्राची साक्षीदार करत आहे. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे वकीलबाई बोलता बोलता सांगून गेल्या, आणि मी ते लगेच उचलले. वहिनीला यातले काही माहीत नाही. साक्षीला तुझी सही हवी म्हटल्यावर तिला केवढा मान वाटला. तिने चष्म्याची काच लगेच पदराने पुसली.

कारण विचारले जाईल म्हणून लिहिते. मला तिचा हेवा वाटतो. ती या घरात आली त्या दिवसापासून वाटतो.

पेट्या वडिलांच्या. शेपटासारखी त्यांच्या मागे मागे फिरून मी सगळे शिकले. धूर किती द्यायचा, चौकट कशी उचलायची, राणी कुठे शोधायची. जाळीची टोपी घालूनही मला माश्या चावायच्या. मग दादाचे लग्न झाले, आणि ही नवी नवरी उघड्या हातांनी पेटीपाशी जाऊन उभी राहिली. एकही माशी चावली नाही. वडील म्हणाले, "हिचा हात गार आहे. माश्यांना कळतं." मी तिथेच उभी होते, सुजलेला अंगठा तोंडात धरून.

त्यानंतर पाण्याचे प्रकरण. उन्हाळ्यात माश्या पाणी आणून पेटी गार ठेवतात, आणि एकदा एक पाणवठा धरला की तो सोडत नाहीत. मी पेट्यांजवळ रोज घासलेली परात भरून ठेवायची. वहिनीने पुढच्या नळाखाली मातीची थाळी ठेवली, त्यात चार खडे टाकले आणि ती कधी घासली नाही. थाळीला शेवाळ धरले, वास यायला लागला, आणि माझ्या सगळ्या माश्या माझ्या परातीवरून उडून तिच्या थाळीवर जाऊन बसायला लागल्या. वडील हे बघून हसत. मला हसू आले नाही, अजून येत नाही.

वडिलांनी शेवटी पेट्या माझ्या नावावर केल्या, हे खरे. पण अंथरुणावर पडल्यावर माश्यांची खबर मात्र सुनेला विचारायचे. पेट्या माझ्या, काम माझे, आणि बातमी तिच्या तोंडून. आधी दादा तिचा झाला, त्याचे मला काही वाटले नाही, भावाचे लग्न व्हायचेच असते. वडीलही तिचे झाले, ते मला पचले नाही.

यंदा ऊन असे पडले की रस्त्यावरचे डांबर चपलेला चिकटत होते, आणि नेमकी मी अंथरूण धरले. खिडकीतून परसू दिसते. माश्या पेटीच्या तोंडाशी दाढीसारख्या लोंबत होत्या. शेजारी घाबरले, पण त्यात काही नसते, आत उकडते म्हणून त्या बाहेर येऊन बसतात. मी खिडकीतून ओरडून सांगत होते की वारा जायला झाकणाखाली चिपाट्या घाल, दारे पूर्ण उघड, आणि चौकटींना हात लावू नकोस. वहिनी दर वेळी "हो वन्सं" म्हणायची आणि मग तिला सुचेल ते करायची. तिने पेट्यांच्या वर चार काठ्या रोवून ओले पोते ताणले. पोते पेटीला टेकले नाही, वारा अडला नाही, आणि ते वाळायच्या आत ती पुन्हा भिजवून जायची. टोपी नाही, धूर नाही. समोरच्या गल्लीतल्या माणसाच्या दोन पेट्या त्या आठवड्यात वितळून गेल्या. माझ्या तिन्ही वाचल्या.

त्या वाचल्या याचा आनंद झाला. तिच्या हातून वाचल्या याने पोटात दुखले, आणि दुखणे आनंदापेक्षा मोठे होते. म्हणून वरचे कलम.

कलम ५. इथून पुढचे आताचे आहे.

ऊन उतरले, फुले संपली, माश्यांनी नर बाहेर हाकलले. आता पेट्यांची थंडीची तयारी करायची वेळ. थंडीत माश्या राणीभोवती गोळा होऊन बसतात आणि साठवलेल्या मधावर दिवस काढतात. मध पुरेसा आहे की नाही हे झाकण उघडून बघायचे नसते, आतली ऊब जाते. पेटी मागून एका हाताने जराशी उचलायची आणि हाताने ओळखायचे. हलकी असेल तर थंडी पडण्याआधी साखरेचे पाणी द्यायचे. ओळखण्यात चूक झाली तर थंडीनंतर पेटीत मूठभर मेलेल्या माश्या सापडतात. मला उठवत नव्हते, आणि कोणाला हाक मारणे जिवावर आले होते. रोपवाटिकावाल्याला निरोप धाडला, तर त्याने मध कधी मिळेल एवढेच विचारले.

वहिनी एका दुपारी परसातून सरळ माझ्या खोलीत आली आणि खाटेच्या कडेला बसली. तिन्ही पेट्या उचलून बघितल्या, म्हणाली, पण तिला काही कळले नाही, तिन्ही सारख्याच जड लागल्या. मी म्हटले, वडिलांनी तुला सगळे दाखवले, हे कसे दाखवले नाही?

"कितीदा विचारलं," ती म्हणाली. "दर वेळी एकच. ते तिचं काम आहे, तिच्या हातासारखा काटा बाजारात मिळत नाही."

मला नीट ऐकू आले नाही असे दाखवून मी तिला ते पुन्हा म्हणायला लावले. तिने म्हटले. मग माझ्याकडे न बघता पुढचे बोलली.

"पाणी काय, कोणीही ठेवतं, वन्सं. तुमचा हात मला कधी आला नाही. मला आयुष्यभर तुमचा हेवा वाटला."

इतके बरे मला कोणत्याही औषधाने वाटले नव्हते, हे शुद्धीवर असताना लिहीत आहे. ही बाई माझ्यावर जळत होती. मी पुढच्या नळाकडे बघून जळायची आणि ती त्याच वेळी परसाकडे बघून. वडिलांनी माझे कौतुक तिच्यापाशी केले आणि तिचे माझ्यापाशी, आणि जिचे तिला सांगायचे राहूनच गेले. त्यांचा राग आला. तो अजून आहे आणि मी तो कोणाच्या नावावर करत नाही.

पण पेट्या खोळंबल्या होत्या. खाटेखालची लोखंडी ट्रंक मी तिला बाहेर ओढायला सांगितली. ट्रंक मी बांधलेल्या जुन्या पुस्तकांनी भरलेली. ती मी खाटेजवळ आणवली, पडल्या पडल्या हात खाली सोडून तिची मागची कड उचलून पाहिली, आणि वहिनीला पुस्तके काढायला लावली. दोन काढ. आणखी एक. नाही, ते जाडे परत घाल. ट्रंक बरोबर भरलेल्या पेटीएवढी जड झाली तेव्हा माझ्या हाताला ते लगेच कळले. मग तिचा हात कडेखाली ठेवून त्यावर माझा ठेवला, आणि दोघींनी मिळून उचलली. तिचा हात खरोखरच गार होता. वडील त्याबाबत खोटे बोलत नव्हते.

ती ट्रंक उचलायची, परसात जायची, पेटी उचलायची, परत येऊन पुन्हा ट्रंक उचलायची. तिला धाप लागली, मला हसण्याने लागली. मधली आणि भिंतीकडची, दोन्ही पेट्या ट्रंकेच्या वजनाला उतरल्या. दाराकडची हलकी निघाली. तिला साखरेचे घट्ट पाणी दिले. ती भरली हे परवा वहिनीने स्वतः उचलून सांगितले, मी ट्रंकेला हातही लावला नाही. काल आम्ही, म्हणजे तिने माझ्या सांगण्यावरून, पेट्यांची दारे बोटभर राहतील अशी बारीक केली आणि आतला ओलावा पुढे निथळून जावा म्हणून मागच्या पायांखाली फरशीचे तुकडे सारले. आता ऊन तापेपर्यंत कोणी झाकण उघडू नये.

म्हणून कलम ४ मी रद्द करते. तिन्ही पेट्या, धुराचा डबा, जाळीची टोपी (घालणार नाहीच, तरी द्यावी) आणि लोखंडी ट्रंक आतल्या पुस्तकांसह वहिनीला द्यावी. परसू भाचीचे असले तरी पेट्या आहेत तिथेच राहतील. ट्रंकेतले एकही पुस्तक कोणी वाचायला म्हणूनसुद्धा काढू नये, वजन बिघडेल. वहिनीने आपली थाळी घासू नये. आणि दर उन्हाळ्यात माझी परात घासून, भरून तिच्या थाळीशेजारी ठेवावी. माश्या परातीवर बसणार नाहीत, मला माहीत आहे. तरी ठेवावी.

आता साक्षीदारांचे. औषधाच्या दुकानाचे मालक दुकान सोडून आले आहेत आणि घड्याळाकडे बघत आहेत. वहिनी सकाळपासून धुतलेले लुगडे नेसून, चष्मा लावून, पेनाचे टोपण काढून बसली होती. मी तिला सांगितले की तुझी सही नको. तिला वाटले मी थट्टा करते. तेवढ्यात इस्त्रीवाली कपडे द्यायला दारात आली, तिला मी आत बोलावले आणि सही करशील का म्हणून विचारले. वहिनीच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की काही विचारू नका.

"इस्त्रीवाली चालते, आणि मी नाही?"

"तू नाही चालत," मी म्हणाले.

कारण सांगितले नाही. टोपण लावून ती परसात निघून गेली आहे. खिडकीतून दिसते, दाराकडच्या पेटीपाशी माझ्याकडे पाठ करून उभी आहे. हे वाचले जाईल तेव्हा तिला कळेल. तोवर तिला इस्त्रीवालीचा हेवा वाटू दे.

स्थळ: मागची खोली, खिडकीजवळची खाट.
दिनांक: पेट्यांची दारे बारीक केली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आकड्यांतली तारीख वकीलबाई शिक्क्याशेजारी घालतील.

लिहून ठेवणार: (सही) गल्लीत सगळे जिला बाइंडरबाई म्हणतात ती.

साक्षीदार पहिले: (सही) औषधाच्या दुकानाचे मालक.

साक्षीदार दुसरी: वहिनी (खोडले). (सही) इस्त्रीवाली, दुकान कोपऱ्यावर.

वरची खाडाखोड माझीच आहे. कारण कलम ५.