रक्ताची जुळणी

श्रीगोंदा,
ता. ९ जानेवारी १९७२

ती. रंगनाथदादास,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे ठीक. राजूरच्या बाजारात तांदूळ विकायला तुला वेळ मिळतो, बहिणीला चार ओळी लिहायला मात्र मिळत नाही!

घाबरू नकोस, पण माझ्या पोटातली गाठ काढायचं नगरच्या डॉक्टरीणबाईंनी ठरवलंय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तरी रक्त आत्ताच तपासलं. एवढी घाई कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, टेबलावर रक्त कमी पडलं तर तेव्हा शोधत फिरायचं का? माझं रक्त ओ निगेटिव्ह निघालं. ते फार थोड्यांचं असतं म्हणे. यांचं जुळलं नाही, भावजींचंही नाही. भलतं चढवलं तर माझंच रक्त त्याच्याशी भांडेल आणि जिवावर बेतेल. सख्ख्या भावाचं जुळायचा संभव आहे. येशील? वहिनींना विचारून ये.

सासूबाई म्हणतात, हिचं रक्तबी जगायेगळं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मनकर्णा

राजूर,
ता. १७ जानेवारी १९७२

चि. मनकर्णास, अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझी वहिनी छबू चुलीपासून उठूनच आली. रक्त दिलेला गडी पुन्हा नांगराला उभा राहत नाही, असं तिला कुणी सांगितलंय. खरं सांगतो, मीही घाबरलो. देवी टोचायला आले तेव्हा मी कणगीमागे लपलो होतो, आणि तूच चहाडी केलीस! शेवटी छबूच म्हणाली, भाऊबीजेला ओवाळून घेता ते कशापायी? आता दशम्या बांधतेय. सोमवारच्या एस.टी.ने निघतो. माझं नाही जुळलं तर सगळी भावकी घेऊन येईन.

एक सांगतो, राग मानू नकोस. थोरल्या बन्सीनंतरच्या लेकरांचं तू कुणापाशी बोलत नाहीस. पण डॉक्टरीणबाईंना सांग. ऑपरेशनाआधी काही लपवू नये.

जिवाला जप.
तुझा दादा

नगर,
ता. २५ फेब्रुवारी १९७२

ती. दादास, सा. न. वि. वि.

गाठ निघाली. रक्त बरंच गेलं, पण तुझी बाटली तयार होती. तुझ्या-माझ्या रक्ताचे थेंब एकत्र करून आधीच पाहिले होते, गुठळी झाली नव्हती. तू सुई पाहून डोळे मिटलेस ते नर्सबाई अजून सांगून हसतात.

तुझं ऐकलं, पण उशिरा. बन्सीनंतरची तिन्ही लेकरं पिवळी पडून गेली, ते काल बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या रक्ताचा कागद पुन्हा पाहिला. म्हणाल्या, लेकरांनी बापाचं रक्त घेतलं. पहिल्या बाळंतपणात तुझं रक्त त्याच्याशी भांडायला शिकलं, ते पुढच्यांना बाधलं. यात तुझा दोष नाही, कुणाची नजर नाही.

सासूबाई खाटेशीच होत्या. इतकी वर्षं मला पांढऱ्या पायाची म्हणत आल्या, कुणाच्या बारशाला जाऊ दिलं नाही. त्या उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, गेल्या श्रीगोंद्याला. बऱ्याच वेळाने आल्या, पदराने तोंड पुसत. माझ्या पायांवरची चादर सारखी करून म्हणाल्या, मनकर्णे, आपल्या लेकरांची नावं ठेवायची ऱ्हायली गं.

आपल्या म्हणाल्या, दादा.

मग आम्ही दोघींनी नावं ठेवली. कोणती ते पत्रात लिहवत नाही. ये, म्हणजे तुझ्या कानात सांगेन.

तुझीच,
मनकर्णा