पंखा लावा एक

१२ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, मग मी रडते आणि बोलायचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

आज मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली मुलं दादाच्या गाण्यावर नाचत होती. ‘चादर निघते पांढरीफेक, साहेब, पंखा लावा एक!’ एक जण वहीने वारा घालत होता, बाकीची फिदीफिदी हसत होती. मी विचारलं तर म्हणाली, बाई, उकाड्याचं गाणं आहे, रेडिओवर रोज लागतं. घरी येऊन रेडिओ लावला. निवेदिका लाडात येऊन सांगत होती की हे या उन्हाळ्यातलं सगळ्यात गार गाणं. आणि कहर म्हणजे कोपऱ्यावरच्या पंख्यांच्या दुकानाने ते दारातच लावून ठेवलंय. ज्याला एक पंखा मिळाला नाही म्हणून जो गेला, त्याच्या आवाजावर पंखे विकले जातायत!

या लोकांना काय माहीत म्हणा. लाँड्रीतली कापडाची धूळ दादाच्या छातीत साठत होती, ती बाहेर ओढणारा पंखा तो तीन वर्षं मालकाकडे मागत होता, हे गाण्यात ऐकू तरी यायला हवं ना. माझे कान काही फुटलेले नाहीत, आत्या. दादाचा मित्र कापूसदादा याने आपल्या खोलीत दादाचं हे रॅप रेकॉर्ड केलं तेव्हा मी तिथेच होते. प्रत्येक ओळीनंतर त्याचा तो घासत येणारा श्वास होता. आता बाहेर आलेल्या गाण्यात एकही श्वास नाही. नळ सोडावा तसे शब्द पडतायत. श्वास काढून टाकले की पंख्याची मागणी म्हणजे नुसती गंमत उरते.

मला संशय आहे की मालकाने कापूसदादाला गाठलं असणार. मी त्याला सोडणार नाही. तू त्याच मालकाकडे कामाला आहेस, म्हणून आधी तुला कळवते.

तुझा लोभ आहेच, तो माझ्या रागाला पुरून उरो.
तुझी भाची

१८ एप्रिल

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी वाटीतलं दूध सांडलं तरी तू चौकशी बसवायचीस, ते अजून गेलेलं नाही. घरातली पहिली पदवी तुझी, तेव्हा भांडायचा हक्कही पहिला तुझाच. पण माणूस बघून भांडावं.

कापसाला काही लिहू नकोस. दवाखान्यात आपण दमलो तेव्हा तोच उशाशी बसून होता. गाणं लोकांच्या तोंडी आहे, पोराचं नाव झालं, आणखी काय हवं? मालकसुद्धा गुणगुणतो. त्याला वाटतं की आपल्या चादरींची स्तुती आहे. मी काही बोलत नाही. बोलून काय होतं ते घरात पाहिलंय.

घडीच्या टेबलावर दादाच्या जागी आता नवी मुलगी आली आहे. मोठ्या चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटका, ताण, मग समोरासमोर चालत येऊन कोपऱ्याला कोपरा. तुझा दादा हे करता करताच गाणं जुळवायचा आणि मला वेड्यात काढायचा. म्हणायचा, आत्या, तू माझा ठेका आहेस, चुकू नकोस. ही नवी काही बोलतच नाही.

जेवत जा. राग आणि रिकामं पोट एका वेळी बाळगू नये.
कायम तुझ्या बाजूची,
आत्या

२३ एप्रिल

श्री. कापूस यांस,

आपण शाळेत असताना कानात कापूस घालून बसायचात, म्हणून दादाने आपल्याला हे नाव दिलं. आता आपण लोकांच्या कानात घालायला लागलात, याबद्दल अभिनंदन.

मला एवढंच विचारायचं आहे की माझ्या भावाचे श्वास कुणाच्या सांगण्यावरून काढलेत? तो मेला म्हणून त्याची परवानगी लागत नाही, असं आपल्याला वाटलं का? शेवटची ओळ त्याला एका दमात म्हणता आली नव्हती. तीन तुकड्यांत म्हणून तो भिंतीला टेकला होता. आपण ते तुकडे असे सांधलेत, की जणू तो धडधाकट होता. धडधाकट माणसाला मालक कशाला पंखा लावेल?

उत्तराची अपेक्षा आहे. लोभाची नाही.
दादाची बहीण

२९ एप्रिल

धाकटीस,
स. न. वि. वि.

तू मला ‘आपण’ म्हणालीस. शिवी दिली असतीस तर बरं वाटलं असतं.

मालकाचं तोंडही मी पाहिलेलं नाही. खरं सांगू नये असा माझ्याकडून शब्द घेतला होता. पण माझ्या मित्राला मी विकलं असं तुला वाटत असेल, तर तो शब्द मी मोडतो. तयार गाणं ऐकायला आत्या माझ्या खोलीत आल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लावलेल्या गोधड्यांमध्ये त्या बसल्या, मी आवाज सोडला आणि दुसऱ्याच श्वासाला त्यांनी कान झाकले. म्हणाल्या, महिनाभर भिंतीपलीकडून मी हेच ऐकत होते, आता तरी त्याला नीट श्वास घेऊ दे. मी समजावलं की श्वास काढले म्हणजे तो नीट होत नाही. त्या ऐकेनात. त्यांच्यासमोर मला नाही म्हणवलं नाही. एकेक श्वास कापताना मलाच दम लागत होता.

मूळ गाणं आहे तसं आहे. काय करायचं ते तुम्ही दोघी ठरवा.

रागावलीस तरी ओळख ठेव.
कापूस

४ मे

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला कळलं. कापूसदादाची मी माफी मागितली आहे. तुझ्यावर रागवायचं मला जमत नाही आणि राग जातही नाही, म्हणून दोन्ही लिहिते.

त्याचा तो आवाज तू रात्ररात्र एकटीने ऐकलास. मी इथे परीक्षेचे पेपर तपासत होते. तेव्हा तुला तो पुन्हा ऐकवत नाही, यात तुझं काय चुकलं? पण आत्या, आपल्याला त्रास होतो म्हणून आपण त्याला गप्प केलं. मालकानेही तेच केलं होतं. तो माणूस आज गुणगुणतो, कारण त्याला टोचेल असं सगळं आपण घरच्यांनीच काढून दिलं. नव्या मुलीलाही तीच धूळ खावी लागते ना?

मूळ गाणं बाहेर येऊ दे. तू नाही म्हणालीस तर मी विषय काढणार नाही. पण तू नाही म्हणू नयेस.

लोभ आहे, आणि आज जरा दुखतो आहे.
तुझी भाची

२० मे

चि. बाईसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मनातल्या मनात तुझ्याशी बरीच भांडले. सगळ्या भांडणांत मीच जिंकले, म्हणून शंका आली.

मग टेबलावर बायकांनी मजा म्हणून गाणं लावलं आणि त्याच्या ठेक्यावर घड्या घालायला घेतल्या. एकही घडी सरळ येईना. झटका बसतो, ताण बसतो, पण कोपरे जुळायच्या आत पुढची ओळ अंगावर येते. नवी मुलगी पहिल्यांदाच बोलली, ती मला वैतागून, की आत्या, तुम्ही घाई करताय. घाई माझी नव्हती. दोघं चालत जवळ येतात ना, तिथेच तो दम घ्यायचा. त्याला बोलता यायचं नाही म्हणून ती जागा सोडलेली होती, आणि मी तीच पुसून घेतली होती.

कामाचे कपडे न बदलता कापसाकडे गेले. मूळ गाणं शेवटपर्यंत ऐकलं. कसं ऐकलं ते विचारू नकोस. त्याला म्हटलं, आहे तसं सोड.

रेडिओने ते लावलं नाही. ध्वनिमुद्रण सदोष आहे म्हणे. इथल्या पंख्यांच्या दुकानदाराला विचारलं, तर गिऱ्हाईक बिचकतं म्हणाला. बिचकू दे.

आम्ही ते लाँड्रीत लावलं. घड्या अशा बसल्या की काय सांगू. मालक गुणगुणत आला, दोन ओळींत त्याचं गुणगुणणं थांबलं. हे बंद करा म्हणाला. आम्ही केलं. पण हात तसेच चालू राहिले. झटका, ताण, आणि कोपऱ्याला कोपरा लागला की नव्या मुलीने मोठ्याने दम घेतला, दादासारखाच, घासत. मग माझ्या शेजारणीने. मग सगळ्या टेबलांनी. ओठ कुणाचेच हलत नव्हते. मालक प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत फिरला. गाणं बंद करा म्हणता आलं होतं. श्वास घेऊ नका, असं काही त्याला म्हणता येईना.

पंखा अजून लागलेला नाही. आम्हीही अजून थांबलेलो नाही.

सुट्टी लागली असेलच, ये. त्या दिवशी आमच्या टेबलावर माझ्यासमोरची जागा मोकळी ठेवते. पदवी असली तरी घडी शिकवावी लागेल.
तुझी, आणि त्याचीही,
आत्या