तक्रार मागे घेतलीस तरी

चिमणे,

दुखण्याच्या गोळीनं तू हलवूनही उठेनास, म्हणून लिहितोय. तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. “आज तिनं तक्रार मागे घेतली नाही, तर मीच येतो,” म्हणाला. तू मावशीकडे गेलीस अशी थाप मी ठोकली, पण तुला गोष्टी रचून सांगायच्या सवयीनं वाटेत वाघ घातला आणि पकडला गेलो. तो निघालाय.

वकीलबाईंना विचारलं. तू नको म्हणालीस तरी खटला मिटेलच असं नाही. तो आता सरकार चालवतं, ठरवणार कोर्ट. म्हणजे भिऊन माघार घेतलीस तरी तुझी सुटका नाही.

चौकीत फोन उचलत नाहीत. मीच पोलीस आणायला धावतोय, बाहेरून कुलूप लावून. जाग आली की आतून कडी लाव, काढू नकोस. शिव्या घातल्या तर घालू दे. रडून माफी मागायला लागला, की मात्र कानांत बोळे घाल.

— बाबा