बुरुजाच्या पोटातली जागा

३० नोव्हेंबर, रविवार. दुपारी गढीच्या बुरुजातली मधली सळई जॅक लावून ओढून पाहिली. नंतर वरच्या भेगांत मिश्रण भरलं. संध्याकाळी नागपूरच्या इंजिनिअर मॅडम गेल्या, माणसं घरी गेली. मी एकटा मागे आहे.

माय, तुला हे काम कसं सांगावं? मातीच्या भिंतीत आडवं लांब भोक पाडायचं, तेही कोरडं, कारण पाणी लागलं की माती सुटते. त्यात कापडी पिशवी चढवलेली सळई सरकवायची आणि नळीनं चुना व गढीच्याच चाळलेल्या मातीचं पातळ मिश्रण आत सोडायचं. पिशवी फुगते, घट्ट बसते, आणि ते वाळलं की फुटलेली बाजू मागच्या धड मातीला धरून राहते. यंदाही बोंडअळीनं कापूस खाल्ला, म्हणून गावातले पुष्कळ जण याच कामावर आहेत. मी त्यांचा सुपरवायझर. यवतमाळला पॉलिटेक्निकला निघालो तेव्हा तू एसटीच्या खिडकीतून डबा दिलास आणि म्हणालीस, "आता इकडं पाहू नोको. तिकडंच कुठं लागून जाय." मी लागलो नाही. तू गेल्यावर बाबांजवळ कुणी नव्हतं. पुढे बाबा गेले, आणि घर कुणी घेईना. बुरुजाखालचं घर कोण घेणार?

दिवाळीआधी बाया टोपल्या घेऊन आल्या, तुम्ही यायच्या तशाच, भिंती सारवायला गढीची पांढरी माती न्यायला. मी बुरुजाभोवती दोरी बांधली होती. तुझ्याबरोबर नेहमी येणारी शेजारची मावशी पुढे झाली. "आता मातीले बी सळया लागते का रे बाबू? मंग एखांदी माह्या कमरेत टाक." सगळ्या हसल्या. मग तिनं आवाज खाली आणला. "तुह्या मायले कोनी दोरी नाही बांधली." मी चाळून ठेवलेल्या ढिगातून त्यांच्या टोपल्या भरून दिल्या.

दिवाळीनंतर मधल्या भोकात मिश्रण सोडलं तेव्हा ते नुसतं आत जात राहिलं. पिशवी आत कुठेतरी फाटली होती. मॅडम म्हणाल्या, "एवढं जातंय कुठे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की मधली सळई धरली नाही तर बुरूज उतरवावा लागेल, खालची घरं उठवावी लागतील आणि लोकांना कळंबच्या रस्त्याला प्लॉट मिळतील. आमचं घर त्यातच. मी गप्प राहिलो असतो तर ते आपोआप सुटलं असतं. पण मावशी समोर तिच्या ओट्यावर तूर निवडत बसली होती, आणि मी म्हणालो, "आत पोकळी आहे. माझी आई माती काढायला तिथंच शिरायची. तिथंच दबली." तुला बाहेर काढल्यावर गावानं फक्त तोंड लिंपलं होतं. आत भरायला कुणी धजलं नव्हतं.

ते तोंड उघडलं. आत एकच माणूस मावत होता. मी शिरलो. गुडघे छातीला लागले, पाठीमागून येणारा उजेड माझ्याच अंगानं अडवला. टॉर्च लावली तर छतावर खुरप्याचे वार दिसले, सगळे एका बाजूला कललेले. तू डावरी होतीस. कच्च्या विटा आणि मातीचा गारा यांनी ती जागा मी मागून पुढे भरत आलो. बाहेरून मावशी ओरडत होती, "बोलत राह्य रे! आवाज देत राह्य!" मी "वीट द्या, गारा द्या," एवढंच म्हणत राहिलो. तुझे वार एकेक करून झाकले गेले.

आज तिथूनच पुन्हा घातलेली नवी सळई ओढली. जॅकचा काटा चढत गेला. मॅडम म्हणाल्या, "बास. धरलं." मावशीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. "आता मी माह्याच घरात मराले मोकळी," ती म्हणाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलाजवळ बोटं मोडली. कुणीतरी म्हणालं, "सायबानं गाव वाचवलं."

काटा चढत होता तेव्हा मी मनातल्या मनात सळईला म्हणत होतो, सरक. एकदा सरक. माय, हे पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे.

मिश्रणाची नळी धुवायची राहिली होती. रात्रभर तशीच राहिली तर चुना आत धरेल. टाकीवरून बादली भरून आणली, नळीचं एक टोक उंच धरलं आणि खालून नितळ पाणी येईपर्यंत ओतत राहिलो.